बाटलीतलं जेवण
आज माझ्या हाताला सलाईन लावताना स्पिरिटचा वास आला आणि लोणावळ्याच्या दवाखान्यातला तो धुक्याने ओलसर झालेला वॉर्ड आठवला. मी तेव्हा नुकतीच नर्स झाले होते. पवनेकडच्या वाडीवरचे एक आबा पोटाच्या ऑपरेशननंतर पडून होते. तोंडाने काही द्यायचं नव्हतं. त्यांची बायको कॉटपाशी फरशीवर बसलेली. "ह्येंना खायाला कवा द्यायचं?" तिने विचारलं. उलट्या टांगलेल्या काचेच्या बाटलीकडे बोट दाखवून मी म्हणाले, "मावशी, हेच त्यांचं जेवण. चालूच आहे." थेंबांचा वेग, नळीतली हवा, सुईपाशी येणारी सूज, सगळं मला पाठ होतं. एक बाटली संपायच्या आत दुसरी लावायची, हेही. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी बसल्या जागी कोसळली. तिच्या फडक्यातली नाचणीची भाकरी तशीच होती, वाळून कडक झालेली. नवऱ्याच्या आधी ती जन्मात कधी जेवली नव्हती. तोंडावर पाणी मारल्यावर तिने डोळे उघडले, आधी बाटलीकडे पाहिलं आणि विचारलं, "उरकलं का गं त्येंचं?" नवी बाटली मी नुकतीच लावली होती. आता माझी मुलगी उशाशी बसली आहे. मी तिला सारखी विचारते, जेवलीस का. ती वैतागते.