होळीला न आलेली मुलगी

ती दुपार अजून जशीच्या तशी आठवते. माझी नेमणूक तेव्हा गुजरातच्या सीमेजवळच्या पोलीस ठाण्यात होती आणि बाजाराच्या दिवशी मी खापरच्या दूरक्षेत्रावर, म्हणजे ठाण्याच्या चौकीवर, बसत असे. होळी नुकतीच होऊन गेली होती. धडगावकडच्या एका पाड्यावरची बाई थेट आत आली. "बाहेर जीपमध्ये पोरी बसवतो आहे ना, त्याच माणसाने माझी पोरगी नेली. ती होळीला आली नाही."

हवालदार समजावू लागले, "बाई, पोरगी सज्ञान आहे. कामाला गेली आहे."

"कामाला गेली ते मला माहीत आहे. होळीला का नाही आली, ते सांग."

मी हवालदारांना थांबवले. स्टेशन डायरीला नोंद घेतली, जीप थांबवली, मुलींना सावलीत बसवले आणि एजंटाला आत बोलावले.

माणूस तापीकाठचा. इस्त्रीचा शर्ट, गोड अहिराणी बोलणे. कंपनी मासळी पॅकिंगची. त्याने फोनवर कंपनीचे पान उघडून पुढे केले. "हाई देखा साहेब, पाच स्टार. बठ्ठा लोके खूश शेतस."

कंपनीची नोंदणी खरी निघाली. पण नोंदणीने कंपनी आहे एवढेच कळते. ती माणसांना कशी वागवते, ते कळत नाही. म्हणून मी खालचे अभिप्राय सावकाश वाचू लागलो. सगळे कौतुकाचे. दिवसभर उभे राहून मासळी साफ करणाऱ्यांपैकी एकाचीही तक्रार नाही. आमच्या मेसच्या वरणाबद्दलसुद्धा सगळे शिपाई कधी खूश नव्हते.

मग एक अभिप्राय सापडला. 'होळीला कंपनीने इथेच गोड जेवण दिले. घरची आठवणही आली नाही.' लिहिणारा म्हणे धडगाव तालुक्याचा.

होळीच्या बंदोबस्तात मी अनेक वर्षे उभा राहिलो आहे. ऊसतोडीला असो की वीटभट्टीवर, सातपुड्यातला माणूस होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला आणि होळीला घरी येतोच. त्या दिवसांत कडक मुकादमसुद्धा कुणाला अडवत नाही. ज्याने हे लिहिले, त्याने मजूर राबताना पाहिले असतील, घरी परतताना पाहिले नसावेत.

"हे कुणी लिहिलं?"

"मजूरच लिखतस, साहेब."

"होळीले डोंगरना माणूस तठे ऱ्हायना?" मी त्याच्याच बोलीत विचारले.

तो हसला. "एखादा ऱ्हास ना."

"मग त्याच्याशी बोलणं करून दे. नाहीतर तिथून परत आलेला माणूस दाखव. एकच."

मी आवाज चढवला नाही. ती बाई दारातच उभी होती, तिच्याकडे बघायचे तो टाळत होता. शेवटी म्हणाला, "मीच लिखेल शे. मालकनी सांगं. तठे पोरीसना फोन काढी लेतस. फाटकले बाहेरथून कुलूप ऱ्हास."

त्या पानाचा पंचनामा केला, गुन्हा नोंदवला. महिला पोलिसांसह पथक गुजरातेतल्या त्या कंपनीकडे निघाले. गुजरात पोलिसांनी साथ दिली. फाटकाचे कुलूप तोडले तेव्हा आतल्या मुली आधी मागे सरकल्या. आम्हीही मालकाचीच माणसे, असे त्यांना वाटले. त्या बाईची मुलगी त्यांच्यात होती. होळीच्या दिवशी ती फाटकापाशी बसून राहिली होती, जेवायला तिने नकार दिला होता.

कंपनी पारखताना कौतुक किती आहे, हे मी त्यानंतर कधी पाहिले नाही. तक्रार करायला कुणाला मोकळीक आहे का, ते पाहतो. माणसाचे तोंड बंद करून त्याच्याच नावाने स्तुती छापणारा मालक कितीही चकचकीत असो, तो गुन्हेगारच.

जबाब झाल्यावर मुलीचा फोन तिला सुपूर्दनाम्यावर सही घेऊन परत दिला. तिने विचारले, "त्या कंपनीच्या पानावर मला लिहिता येईल?"

येईल, म्हटले. ती बाकावर बसली. निदान एक तारा दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हे तिला पटेना. "शून्य का नाही?" ती मलाच रागावून विचारत होती.

मग तिने लिहिले, 'मी आत होते. येऊ नका.' आणि खाली आपल्या पाड्याचे नाव टाकले.