ग्रीक देव आणि आमच्या वन्सं

नलूवन्सं गेल्या, हे मला माझ्या मुलीने पुण्याहून फोन करून सांगितलं. त्या माझ्याच शहरात दर्पण कॉलनीत राहायच्या, मी जयेंद्रगंजमध्ये. पण दवाखान्यात त्यांनी नंबर दिला होता तो मृण्मयीचा. "आई, आत्या गेली गं," म्हणून ती रडू लागली. मीही रडले... पण आधी मनात आलं ते हेच, की मला का नाही कळवलं?

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही, कॉलेजात इतिहास शिकवला. मृण्मयी शाळेतून परस्पर त्यांच्याकडे जायची आणि ग्रीक देवांच्या गोष्टी ऐकून यायची. जेवतानाही तेच. आधी काहीच नव्हतं, जांभईत उघडलेल्या तोंडासारखी नुसती पोकळी. मग पृथ्वी आली. तिने आकाशाला जन्म दिला, पुढे त्याच्याशीच संसार मांडला. त्यांचा मुलगा क्रोनस. आपलंच पोर आपलं राज्य घेईल या धास्तीने तो जन्मलेलं प्रत्येक मूल गिळायचा... एकदा मी हौसेने समुद्रमंथन सांगायला बसले, तर शाळेतल्या हिंदीत म्हणाली, "आई, आत्या जैसे सुनाओ ना!" मी ताटं उचलली.

तिला आणायला गेले तेव्हा मात्र बोललेच. "वन्सं, बाप पोरं गिळतो, या काय लेकराला सांगायच्या गोष्टी?"

त्या हसल्या. "अगं सुमन, पण धाकट्याला आई वाचवते ना! दुपट्यात दगड गुंडाळून नवऱ्याला देते, तो तोच गिळतो. मग झ्यूस मोठा होऊन भावंडांना सोडवतो. तुझी लेक त्या दगडापाशीच मला थांबवते. म्हणते, माझी आईपण असंच करेल."

दुसरी कुणी सुखावली असती. मला तेवढंच लागलं, की हेसुद्धा ती आत्याला सांगते, मला नाही.

तेराव्याला मृण्मयी आली, वन्संच्या पलंगावर बसून राहिली. दर रविवारी सकाळी ती त्यांना फोन करायची, हे मला तेव्हा समजलं. आता तो फोन मला येतो. मी कामं उरकून आधीच बसते. भाजी काय केली, दाल बाजारात तूरडाळ कशी मिळाली, सांगत राहते. ती हं, हं करते. मग मध्येच गप्प होते... आणि मला नेमकं कळतं, ती कुणाच्या बोलण्याची वाट बघतेय.