हिरव्या दाराचा टायरवाला

मी त्या माणसाला चोर म्हटलं होतं. तोंडी नव्हे, छापून.

लढाई संपली होती, तरी मोटारीचे टायर परमिटशिवाय मिळत नव्हते. आमच्या पक्षाच्या प्रचाराच्या गाडीला दोन टायर मिळावेत म्हणून साताऱ्याच्या कचेरीत मी किती खेटे घातले ते माझं मला ठाऊक. परमिट हातात पडल्यावर सांगली गाठली आणि मोटारस्टँडमागच्या एका मुसलमान मिस्त्रीकडून नवे टायर पुढच्या चाकांवर चढवून घेतले. दोन महिने झाले नाहीत तोच दोन्हींची आतली कड झिजून खालचं कापड दिसायला लागलं. मी लगेच निकाल देऊन टाकला. मिस्त्रीनं नवे टायर काळ्या बाजारात विकले आणि आमच्या गळ्यात जुने डागडुजी केलेले मारले.

काळ्या बाजारावर आमची पत्रकं निघतच होती. त्यात हे एक लिहायला मला अर्धा तासही लागला नाही. नाव घातलं नाही, पण 'स्टँडमागचा हिरव्या दाराचा टायरवाला' असं स्पष्ट लिहिलं. सांगलीत हिरव्या दाराचा दुसरा टायरवाला नव्हता. गठ्ठा सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं तासगावला रवाना केला. तिथं त्या दिवशी बाजार होता. दहा वाजता बाजार भरला की आमचे दोन कार्यकर्ते पत्रकं वाटणार होते.

मीही मागून जाणार होतो. नेहमीचा ड्रायव्हर तापानं पडला होता, म्हणून साताऱ्याकडचा एक गडी बदली आला. लढाईत पलटणीच्या लॉऱ्या हाकून नुकताच सुटलेला. त्यानं चावी घेतली नाही. आधी गाडीभोवती एक फेरी मारली, मग वाकून चाकाच्या आत बघितलं.

"ह्या स्प्रिंगा कुनी कापल्या?"

"मी कापून घेतल्या. लोहाराकडून."

"कशापायी?"

पाटणकडचे आमचे एक वयस्क कार्यकर्ते होते. तुरुंगात त्यांचा गुडघा कायमचा गेला. गाडीत चढायला पाय उचलत नसे, मग भर गावात आम्ही दोघं त्यांना काखेत धरून पोत्यासारखं आत घालायचो. त्यांचा चेहरा मला बघवत नसे. म्हणून पुढच्या स्प्रिंगांचे दीड-दीड वेढे कापले, मागच्या कमानीचे दोन पाटे काढले आणि गाडी चार बोटं खाली आणली. ते आपले आपण चढले. खरं सांगायचं तर खाली बसलेली गाडी मला दिसायलाही झोकदार वाटली होती.

गड्यानं ऐकून घेतलं. एका दोऱ्याला नट बांधून तो मडगार्डवरून सोडला. दोरा खाली टायरला टेकला, वर दोन बोटं फट राहिली.

"बगा पुढारी. गाडी खाली बसली, तशी चाकं वरनं आत कलली. टायर आतल्या कडंवरच चालतोय. भाईरनं हात फिरवा की."

बाहेरची नक्षी नव्यासारखी होती.

"टायरच बदललेत त्यानं," मी म्हटलं.

"पावती हाय?"

पावती माझ्या खिशातच होती. तिच्यावर टायरांचे नंबर होते. तो उकिडवा बसला, टायरवरचा चिखल अंगठ्यानं पुसला आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचत गेला. मी पावतीवर बोट ठेवून होतो. दोन्ही नंबर जुळले.

टायर चढवताना मिस्त्री म्हणाला होता, "साहेब, चाकं सरळ नाहीत. आधी ती करून घ्या." मी त्याला म्हटलं होतं, काम वाढवू नका, टायर घाला.

घड्याळात नऊ वाजले होते. त्या दिवसांत पेपरात रोज कुठल्या ना कुठल्या शहरातल्या दंगलीची बातमी असे. माझ्या कागदात मिस्त्रीचा धर्म नव्हता, पण बाजारात वाचणारा तो पदरचा घालणार होता. मग त्या हिरव्या दाराशी लोक टायर मागायला आले नसते.

"तासगावला दहाच्या आत चला," मी म्हटलं.

"जाऊ. पन मी म्हनंल त्या येगानं."

वाटेत एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला. "जरा दाबा की," मी तिसऱ्यांदा म्हटलं.

"दाबतो. फुटला की चालत जावा."

न दाबताच डावा फुटला. जादा चाक बसवताना तो एवढंच बोलला, "सरकारकडं पुरावा मागता न्हवं तुमी?" मी पाना धरून उभा होतो.

पोचलो तेव्हा सव्वादहा झाले होते. उरलेला गठ्ठा हिसकून घेतला आणि वाटलेली पत्रकं परत मागत पालापालांतून हिंडलो. एका बाईनं त्यात मिरच्या बांधल्या होत्या. चिंचेखाली एक फेटेवाला दहाबारा जणांना मोठ्यानं वाचून दाखवत होता.

"हिरवं दार म्हंजी त्यो मुसलमान," कोणीतरी म्हणालं. "ह्येंचा बंदोबस्त केलाच पायजे एकदा."

"तो कागद माझा आहे," मी पुढं झालो. "खोटा आहे."

"काल लिवला आन् आज खोटा?"

"टायरचा नंबर मी आज बघितला."

दोघंतिघं हसले. फेटेवाल्यानं कागद दिला, पण दोघं आपले कागद खिशात घालून निघून गेले. त्यांच्या मागं धावून उपयोग नव्हता. आज ना उद्या ते सांगलीला जाणारच होते.

मग त्यांच्या आधी आपण पोचायचं, एवढंच उरलं. दुपारी सांगलीत मिस्त्रीपुढं एक पत्रक ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यानं हात पुसले, सावकाश शेवटपर्यंत वाचलं.

"दार हिरवं, एवढं बरोबर लिहिलंय," तो म्हणाला.

"बाकीचं खोटं आहे, असं उद्या छापतो."

"त्यातही दार घाला. नाहीतर लोकांना कळायचं नाही, कोण चोर नाही ते."

मग त्यानं दुकानाबाहेर मांडलेले टायर आत ओढले. "गाडी आठ दिवसांनी आणा. आज दुकान लवकर बंद करतो."

दुसरं पत्रक निघालं, माझ्या नावानिशी. तासगावच्या पुढच्या बाजारात मी ते स्वतः वाटलं. पहिल्यासारखं कोणी मोठ्यानं वाचलं नाही.

आठ दिवसांनी गाडी नेली. मिस्त्रीनं भंगारातून आख्ख्या स्प्रिंगा शोधून घातल्या, मागचे पाटे परत बसवले, चाकं दोऱ्यानं सरळ करून दिली. आमच्या पाटणच्या वडीलधाऱ्यांसाठी दाराखाली एक लोखंडी पायरीही जोडली. कुठल्या उंचीवर, ते स्वतः गुडघा वाकवून बघितलं.

दुकानाचं दार त्यानं निळं केलं होतं. रंग अजून ओला होता. का केलं, हे मी विचारलं नाही. माझ्या दोन्ही पत्रकांत ते हिरवंच छापलेलं होतं.