रेच्याच्या लोखंडातला करंट

यवतमाळच्या एका जिनिंगमध्ये तेलाचं इंजिन काढून विजेची मोटर बसवली, त्या हंगामात मी तिथे वायरमन म्हणून लागलो. नुकतीच परीक्षा पास झालो होतो. विजेतलं आपल्याला सगळं कळतं, असं वाटायचं.

एका सकाळी तिसऱ्या रेच्यात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या मशीनमध्ये, कापूस टाकणारी बाई माझ्याकडे आली. तांड्यावरून रोज पायी येणारी, कमी बोलणारी. लोखंडाला हात लागला की मुंग्या येतात, म्हणाली. मी जाऊन हात लावला. काही नाही. मशीनचा थरथराट असेल, असं सांगून तिला परत पाठवलं.

थोड्या वेळाने ती पुन्हा आली. या वेळी कोपरापर्यंत झटका बसला होता. मी तेच सांगू लागलो, तेव्हा तिने माझ्या पायांकडे पाहिलं.

"तुमच्या पायात रबरी बूट हाय, मिस्त्री. आमी अनवाणी. बूट काढा अन् मंग हात लावा."

करंटला अंगातून जमिनीत जायला वाट लागते, आणि माझ्या बुटांच्या रबराने ती अडवली होती. परीक्षेत मी हेच लिहिलं होतं. तेवढ्यात दोन बाया धूळ बसावी म्हणून पाणी शिंपत तिसऱ्या रेच्याकडेच सरकताना दिसल्या. ओल्या पायांनी हात लागला असता, तर मुंग्यांवर भागलं नसतं.

कोणी हात लावू नका, असं ओरडत मी मेन स्विचकडे धावलो आणि दांडा खाली ओढला. मशीनचे पट्टे मंदावले, थांबले. मॅनेजर बाहेर आला. कोणाला विचारून बंद केलं, बाहेर गाड्यांची रांग लागली आहे, असं म्हणत राहिला. सगळ्यांना दूर कोरड्यात उभं केलं, बल्बची एक वायर रेच्याला जोडली, दुसरी ओल्या जमिनीत ठोकलेल्या सळईला, आणि स्विच चढवला. बल्ब लालसर पेटला. मॅनेजर दोन पावलं मागे सरकला.

रेच्याला लागून गेलेल्या लोखंडी पायपात वायरीचं रबर घासून तांबं लोखंडाला टेकलं होतं. लोखंडातून जमिनीत जाणारी अर्थिंगची तार बाहेर बैलगाडीच्या चाकाखाली तुटली होती. ती शाबूत असती, तर करंट लोंढ्याने तिच्यातून गेला असता आणि फ्यूज उडाला असता.

दुपारपर्यंत दोन्ही दुरुस्त केलं. तेव्हा कळलं की बाईने आदल्या दिवशीच मुकादमाला सांगितलं होतं, आणि त्यानेही ते हसण्यावारी नेलं होतं. मी तिच्यासमोर जाऊन चुकलो म्हणालो.

"मशीन चालू करा आता," ती म्हणाली. "आमच्या मजुरीची खोटी होऊन राह्यली."