वैशालीची तिसरी प्लेट

लॅबमध्ये किस्से पेशींसारखेच वाढतात. चार माणसं, एक बंद खोली आणि सततची धाकधूक, एवढं खाद्य त्यांना पुरतं. निवृत्त झालो तरी मी अमरावतीच्या आमच्या कॉलेजात जातो, वैशालीच्या पीएचडीसाठी. गाइड मीच. त्यामुळे निम्मे किस्से माझ्या घाबरण्याचे आहेत.

*

वैशालीचे वडील तेल्हाऱ्याकडे भाजीपाला करतात. एकदा लॅब पाहायला आले. मी समजावून सांगितलं, की पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाची वीजघरं असतात आणि त्यांचे काही सुटे भाग आतच, रायबोसोम नावाच्या यंत्रावर बनतात. या यंत्रातलं एक प्रथिन काही कॅन्सरच्या पेशींत फार वाढलेलं असतं. ते कमी केलं तर पेशींची वाढ थांबते का, हे वैशाली बघतेय.

"म्हंजे गाठीची डीपी, तिचा ट्रान्सफॉर्मरच उडवाचा," ते म्हणाले. "पन सर, त्याच डीपीवर आपलं घर असन तं?"

विचार करायला वेळ मिळावा म्हणून मी चहा मागवला. चहा संपल्यावर दुसरा मागवला.

*

मे महिन्यात पेशी वाढवायचा इनक्युबेटर सदतीस अंशांवर ठेवायचा, आणि खोलीच त्याहून तापलेली! शेवटी मशीनसमोर कूलर लावला. आमचे सहकारी देशमुख अकोल्याचे. ते म्हणाले, "ह्याले काय ऊन म्हनता सर? आमच्या अकोल्यात पेशीच रजा मागतीन."

*

वैशालीचा निकाल दोनदा चांगला आला होता. एका प्लेटीत प्रथिन कमी केलेल्या पेशी रोडावल्या, दुसरीत हात न लावलेल्या भरभर वाढल्या. तिसऱ्यांदा तसंच आलं तर प्रबंध, नाहीतर इतक्या वर्षांचं काम पाण्यात.

तिसऱ्यांदा दोन्ही प्लेटांतल्या पेशी रोडावल्या.

वैशालीने दोन्ही प्लेटा पुन्हा मायक्रोस्कोपखाली धरल्या. मी बोलत सुटलो, की आधीचे दोन्ही योगायोग असतील, मुळात माझी कल्पनाच चुकली असेल.

देशमुख दारात घुटमळत होते. उन्हाळ्यात जंतू शिरतील या काळजीने त्यांनी पेशींच्या खाद्यात डॉक्सीसायक्लिन घातलं होतं. हे औषध जंतूंचे रायबोसोम बंद पाडतं, आणि मायटोकॉन्ड्रियातले रायबोसोम जंतूंच्याच भावकीतले. दोन्ही प्लेटांत यंत्र ठप्प!

"पोरी, मी तं तुहं काम वाचवून राहिलो होतो," देशमुख म्हणाले.

"सर, तुमी जंतूले भेता," वैशाली म्हणाली. "आमी आता तुमाले भ्यावं का?"

*

नव्या खाद्यावर पुन्हा प्लेटा लावल्या. पाहायच्या दिवशी वडीलही येऊन बसले. वैशाली मायक्रोस्कोपला बराच वेळ डोळा लावून होती. मग उठली आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

हात न लावलेल्या प्लेटीत पेशींची दाटी. प्रथिन कमी केलेल्या प्लेटीत तुरळक.

मी विचारलं, प्लेटांची अदलाबदल झाली नसेल ना? तिने दोन्हींवरची नावं दाखवली. खाद्य? तिने बाटली दाखवली. मग मी म्हणालो, हे प्लेटीतलं झालं, माणसाच्या शरीरात असं होईलच असं नाही. ते प्रबंधात लिहिणारच आहे, ती म्हणाली. मी पुन्हा एकदा डोळा लावला.

वडील एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते.

वैशालीने हळूच मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला.

"सर, अजून एक प्लेट लावू का? फक्त तुमच्या भीतीसाठी."