जिथे कोणीच पडत नव्हतं

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन फार काळ झालेला नाही, तरी बऱ्याच केसेस डोक्यातून पुसल्या गेल्या. खून विसरलो, दरोडे विसरलो. इस्लामपूरकडची एक केस मात्र अजून पाठ सोडत नाही, आणि तीत ना रक्त सांडलं होतं ना कोणी फरार झालं होतं.

सकाळची हजेरी उरकून मी चहा घेत होतो. ठाणे अंमलदाराने एका मुलीला आत पाठवलं. हातात हिरवा चुडा, लग्न नुकतंच झालेलं. नवरा बाहेर मोटारसायकलपाशीच उभा, आत यायची त्याची हिंमत होईना. तिचं माहेर औंधचं, सासर आमच्या हद्दीतलं. ऊसवाली, बऱ्यापैकी मंडळी. तिचे आजेसासरे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, त्यांना सगळे आबा म्हणत. लकव्याने आबांची एक बाजू आणि वाचा गेली होती. व्यायाम देऊन पुन्हा चालतं करतात असं ऐकून घरच्यांनी त्यांना जवळच्याच एका शुश्रूषा आणि पुनर्वसन केंद्रात ठेवलं होतं.

लग्नानंतर नव्या जोडप्याने आबांच्या पाया पडायला जाणं आलंच. तिथं पेशंटचं सगळं बघणाऱ्या मावशी म्हणाल्या, लांबूनच नमस्कार करा, इन्फेक्शन होतं. हिने ऐकलं नाही. पायांवरची शाल बाजूला करून डोकं टेकवायला वाकली, तर घोट्यांभोवती काळे वळ आणि टाचेला जखम. सासऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले की लकव्यात रक्त साकळतं, तसंच असेल.

"मी हितं आल्याचं सासऱ्यांना कळलं तर घरात काय हुईल सांगता यायचं न्हाई," ती म्हणाली. "पण आवं साहेब, ते पाय बघितल्यापासनं जेवान जाईना."

खरं सांगतो, मला तिचं कौतुक वाटलं आणि कंटाळाही आला. घरातल्या म्हाताऱ्यांच्या तक्रारींचं काय होतं ते मी पुष्कळ पाहिलं होतं. तक्रारदारच चार दिवसांनी येऊन हात जोडतो, साहेब मिटवून टाका म्हणतो. तरी साध्या कपड्यांत केंद्रावर गेलो. भावाला ठेवायचंय, जागा बघायला आलोय, असं सांगितलं.

केंद्राचा चालक तरुण होता, गोड बोलणारा. भेटायला यायचं तर आधी फोन करायचा हा तिथला नियम, आणि मीही तो पाळला होता. फरशी लख्ख, फिनेलचा वास, पुढच्या खोलीत काचेच्या पेटीत मासे. म्हातारी माणसं दाढी करून, पावडर लावून टीव्हीसमोर बसवलेली. व्यायामाच्या खोलीत धरून चालायच्या दांड्या, सायकल, सगळं नवंकोरं. चालक पुन्हापुन्हा एकच सांगत होता, "आमच्याकडे आजवर एकही पेशंट पडलेला नाही, सर." मी मान डोलावली. आईबापांना ठेवायला येणाऱ्या माणसाला दुसरं काय ऐकायचं असतं?

बाहेर पडताना पायऱ्यांवर माझा गुडघा कुरकुरला. त्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पुन्हा चालायला शिकताना मी दोनदा आपटलो होतो. बायकोने घर डोक्यावर घेतलं होतं. व्यायाम घेणारी मुलगी मात्र शांतपणे म्हणाली होती, चालायला लागलात म्हणून पडलात. ते आठवलं आणि मी तिथेच थांबलो. चालायला शिकवण्याच्या जागी कोणी कधीच पडत नाही म्हणजे काय? त्या दांड्यांचा रंग कुठेही उडालेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरकारी डॉक्टर आणि दोन पंच घेऊन, फोन न करता गेलो. टीव्ही बंद होता. आतल्या मोठ्या खोलीत ओळीने कॉट, आणि जवळजवळ प्रत्येक कॉटला जुन्या साडीच्या पट्ट्यांनी माणसं बांधलेली. पाण्याच्या बाटल्या खिडकीत, कोणाचा हात पोचणार नाही अशा. मावशींना बोलवायच्या घंटीच्या वायरी गुंडाळून वर ठेवलेल्या. आबा जागे होते. मी ओळख सांगितली, तर त्या माणसाने बांधलेल्या अवस्थेतच चांगला हात कपाळाकडे न्यायचा प्रयत्न केला. पंचनामा लिहिताना माझ्या हवालदाराचे डोळे भरले. मला रागच आला, फार राग.

चालक चौकशीत पट्टीचा निघाला. बांधणं हा उपचाराचा भाग आहे, तुम्हाला त्यातलं कळत नाही, म्हणाला. मग मावशींना वेगळं बसवलं. मी आवाज चढवला नाही. पोटभर चहा पाजला आणि गप्प बसलो. माणसं बोलती करायला पुष्कळदा तेवढं पुरतं. सगळा मजला त्या एकट्या बघायच्या.

"न्हाई बांधलं तर पडत्यात," त्या म्हणाल्या. "पडलं की नातेवाईक आमच्या अंगावर येत्यात. बांधलेल्याची तक्रार कवाच कुणी केली न्हाई, साहेब."

आबांच्या मुलाला, म्हणजे त्या मुलीच्या सासऱ्यांना, केंद्रावरच बोलावून घेतलं. ते आले तेच सुनेवर तापलेले. म्हणाले, आबा घरी असताना गोठ्यात पडले होते, खुबा मोडता मोडता वाचला. पुन्हा पडले तर कोर्टात खेचीन असा दम त्यांनीच केंद्राला भरला होता. "दर रविवारी बघून जातोय मी. एकदा सुदिक पडलं न्हाईत." मी आबांच्या अंगावरची चादर उचलून दाखवली. ते भिंतीला टेकून खाली बसले.

डॉक्टर म्हणाले, सुरुवातीच्या महिन्यांत उभं केलं असतं तर काठी घेऊन चालले असते, आता अवघड आहे. गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र गेलं, केंद्र बंद झालं. तारखा अजून पडतायत. आबांना घरी नेलं. सून घरातच राहिली, आबांची जखम तिनेच धुवून बरी केली.

आता ओळखीचे लोक अशी केंद्रं बघायला जाताना मला विचारतात. मी सांगतो, फोन न करता जा. पांघरूण उचलून बघा. पाणी हाताशी आहे का बघा. आणि शेवटचं कोण पडलं होतं, त्याचं पुढे काय केलं, ते विचारा. कोणीच पडलं नाही म्हणाले, तर उठून या.

एवढं शहाणपण सांगणाऱ्या मला मध्यंतरी आबांच्या मुलाचा फोन आला. आबा कॉटवरून स्वतःहून उठायला गेले आणि पडले. फार लागलं नव्हतं. "कॉटला दोन्हीकडनं कठडा लावू का, साहेब?"

"नको. उठायला बघतील तेव्हा कोणीतरी जवळ बसा," मी म्हणालो.

"दिवसभर कोण बसणार, साहेब?"

त्यांच्या आवाजात वाद नव्हता. ते खरंच विचारत होते. हाच प्रश्न त्या मावशीही मला विचारू शकल्या असत्या.