स्वतःचा भाऊ

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेअकरा वाजता, नांदेडच्या आमच्या कॉलेजानं लॉजिकच्या सरांवर अन्याय केला. मूठभर पोरांसाठी कॉम्प्युटर लॅब अडवता येत नाही म्हणून त्यांचा विषयच बंद केला. आणि यंत्राशी इतक्या अदबीनं बोलणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे.

सर ब्राउझरमध्ये एक पान उघडायचे, त्याला नोटबुक म्हणायचे. वर साध्या मराठीत टिपण, खाली माहिती आणि नियम, त्याखाली प्रश्न. बटण दाबलं की उत्तर तिथंच उगवायचं. आपण फक्त खरं काय ते सांगायचं, वाट यंत्र शोधतं. उत्तर 'नाही' आलं तर विचारलेलं खोटं ठरत नाही, आपण ते त्याला सांगितलेलं नाही, एवढंच. कॅन्टीनवाला 'भजी नाही' म्हणाला तरी सरांचं हेच. एकदा भोकरचे दोघं बस उशिरा आली म्हणत वर्गात शिरले. सरांनी बस, गाव, वेळ सगळं पानावर मांडून विचारलं, त्याच बसनं आणखी कोण आलं? पानानं पहिल्या बाकावर वेळेत बसलेल्या तिघींची नावं दिली. सर म्हणाले, "मी काही बोलत न्हाई बाबांनो, यंत्र बोलायलंय."

पण त्यांचा खरा जीव नात्यांवर. निलंग्याकडचे सगळे सोयरे त्यांनी पानात भरले होते. कोण कुणाची चुलती लागते, असा वाद लग्नात निघाला की सर मांडवातच मांडीवर लॅपटॉप उघडत. भावाचा नियम वर्गात मी लिहिला: दोघा पुरुषांची आई एक, म्हणजे ते भाऊ. ते दोघं वेगळे असावेत, ही अट घालायची विसरले. यंत्रानं निमूट सांगितलं की प्रत्येक माणूस स्वतःचाच भाऊ आहे. वर्ग हसला. मी खोडायला गेले, तर सर म्हणाले, "राहू दे. एकट्या माणसाच्या कामाला येतो."

विषय बंद झाला आणि मी पेटले. पत्रकं छापली, सह्या गोळा केल्या, प्राचार्यांच्या दारात बसले. सर लातूरला घरी परतले आणि दर रविवारी दहाला पुढच्या खोलीत फुकट वर्ग घेऊ लागले, हे मला ठाऊक होतं. पण सवड कुठली? मी त्यांच्यासाठी लढत होते ना.

गेल्या रविवारी सह्यांचा गठ्ठा घेऊन अकराला पोचले. सतरंजी अंथरलेली, पाण्याचा तांब्या भरलेला, भोवती आठ पेले उपडे. लॅपटॉपवर पान उघडं होतं. प्रश्न: आज कोण आलं? उत्तरात एकच नाव, सरांचं. त्याखाली: माझा भाऊ कोण? तेच नाव. माझी चूक त्यांनी जपून ठेवली होती.

सरांनी गठ्ठा चाळला, नीट बांधून ठेवला. "लई सह्या जमवल्यास गं पोरी," ते म्हणाले. "यातलं कुणी येतंय का?"

मी लॅपटॉप पुढे ओढला. पानावर माझं नाव भरलं, बटण दाबलं. आज कोण आलं? दोन नावं आली. सरांनी दोन पेले सुलटे केले.

आता सह्या नकोत. पत्ता माझ्याकडून घ्या, रविवारी दहाला लातूरला या आणि आपलं नाव स्वतःच्या हातानं त्या पानावर भरा. सहा पेले अजून उपडे आहेत.